शब्दांविना साक्ष

(युवक शिबिरात दिलेले भाषण)



गीत लावायचे आणि एकही शब्द न बोलता हालचालींतून गोष्ट दाखवायची, हे मूकनाट्य आता आपल्या युवकसंघांत रुळले आहे. अमेरिकेतील अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांत त्याला ‘ह्यूमन व्हिडिओ’ म्हणतात. पण अशी साक्ष नवी नाही. यहेज्केल संदेष्टा देवाच्या आज्ञेने 390 दिवस डाव्या कुशीवर आणि 40 दिवस उजव्या कुशीवर निजला. यिर्मयाने लोकांदेखत मडके फोडले. अगब संदेष्ट्याने पौलाच्या कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधले.

ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत हे सारे मी शिकले होते. तरीही चुकले. ती चूक आज सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही सातपुड्यात, धडगावच्या बाजूला एका पाड्यावर गेलो. तिथली बोली पावरी. आमची मराठी थोरल्यांना जेमतेम कळायची. म्हणून उधळ्या पुत्राचा दाखला मूकनाट्यात बसवला. पाच मिनिटांचे हिंदी गीत, मोबाईल आणि एक स्पीकर. डुकरे चारताना मुलाला आम्ही लंगोटी आणि फेटा दिला होता. बापाकडे परतल्यावर पांढरा शर्ट आणि पँट. टाळ्या झाल्या. मला समाधान वाटले.

मग एक आजी जवळ आल्या. सोबतच्या मुलीने त्यांचे म्हणणे मराठीत सांगितले, “बाई, पोरगा वाईट असताना आमच्यासारखा दिसतो आणि चांगला झाला की तुमच्यासारखा. असं का?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांची क्षमा मागितली. मूकनाट्यात कपडा, चाल आणि नजर हेच शब्द असतात. आमच्या तोंडून जे कधी निघाले नसते, ते आम्ही कपड्यांतून बोलून गेलो होतो.

पुढच्या हिवाळ्यात त्याच पाड्यावर दोन दिवस आधी गेलो. नाट्य तिथल्या मुलांनीच बसवले. त्यांचेच ढोल आणि बासरी मोबाईलवर मुद्रित केली. या वेळी मुलगा गुजरातेत ऊसतोडीला जातो, मिळालेले सारे उडवतो आणि फाटक्या जीन्समध्ये परततो. लूक 15:20 मध्ये बाप धावत जातो. आमचा बापही धावला, आणि स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोडून त्याने मुलाच्या डोक्याला बांधला.

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे गप्प होते. आजींनी हाताने खूण करून मला शेजारी बसवून घेतले.

तरुण मित्रांनो, पाड्यावर जाल तेव्हा आधी कारभाऱ्यांना विचारा. वाईट पात्राला कोणाचे कपडे दिले, ते दोनदा पाहा. आणि गीत संपले की लगेच माईक हाती घेऊ नका. खाली बसा, लोकांना बोलू द्या. देव त्यांच्याकडूनही आपल्याला शिकवतो.

प्रभू तुम्हाला आशीर्वादित करो. आमेन.