जुन्या नॉर्वेतील नात्यांचे शब्द



वंशावळीचा शोध घेणारा माणूस प्रथम नावांचा माग काढतो. नॉर्वेत ही वाट लवकरच खुंटते. १९२३ च्या कायद्याने कायम आडनाव आवश्यक ठरेपर्यंत तेथील खेड्यांत ओलाचा मुलगा ओल्सेन आणि ओलाची मुलगी ओल्सदात्तर म्हणवली जाई. त्यापुढे शेताचे नाव लागे, पण कुटुंब दुसऱ्या शेतावर गेले की तेही बदले. अशा वेळी हाती उरतो तो नात्याचा शब्द.

काही शब्द आपणांस परके वाटणार नाहीत. फारब्रूर म्हणजे वडिलांचा भाऊ, मूरब्रूर म्हणजे आईचा भाऊ. फास्टर ही आत्या आणि मूस्टर ही मावशी. काका व मामा यांना एकाच शब्दात कोंबणाऱ्या इंग्रजी वाचकाला जे समजावून सांगावे लागते, ते आपल्या घरातील मूल जाणते. पुढे ओंकल आणि तांते हे पाहुणे शब्द रूढ झाले आणि हा भेद नॉर्वेतही पुसट होत गेला.

तो भेद केवळ जिव्हाळ्याचा नव्हता. मृताच्या मालमत्तेची वाटणी नोंदवणाऱ्या जुन्या कागदपत्रांत अज्ञान मुलांचे पालक कोण, हे लिहिलेले असते. तेथे फारब्रूर आढळला तर शोध वडिलांच्या घराण्याकडे वळतो. मूरब्रूर आढळला तर जिचे माहेर कोठेच नोंदलेले नाही अशा आईचा पत्ता लागतो. १८५४ पर्यंत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळत असे. तेव्हा कोण कोणाचे, हा प्रश्न पोटाचाही होता.

इतका काटेकोरपणा सर्वत्र मात्र नाही. सोस्कनबार्न या शब्दाची फोड 'भावंडांचे मूल' अशी होते, म्हणून नवखा अभ्यासक त्याचा अर्थ पुतण्या किंवा भाचा असा करतो. वस्तुतः अर्थ आहे भावंडांची मुले एकमेकांना जी लागतात ती. ती चुलत, आते, मामे की मावस, हे तो शब्द सांगत नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. येथे मराठी अधिक बोलकी आहे, असे मी पक्षपाताचा आरोप पत्करूनही म्हणेन.

सर्वांत फसवा शब्द स्वोगर. आज त्याचा अर्थ मेहुणा, दीर किंवा बहिणीचा नवरा. जुन्या लेखनात तो जावयाला लावलेला आढळतो, कधी सासऱ्यालाही, कधी विवाहामुळे जोडल्या गेलेल्या कोणाही पुरुषाला. १८२५ नंतरच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख लोक नॉर्वे सोडून मुख्यतः अमेरिकेत गेले. त्यांच्या वंशजाने अशा नोंदीतील स्वोगर म्हणजे मेहुणाच असे धरले, तर कधी जन्मलीच नाही अशी एक बहीण वंशावळीत अवतरते आणि खरी मुलगी, जावई व नातवंडे तिच्यातून गळून पडतात.

म्हणून मी आधी १८०१ ची जनगणना उघडतो. तीत कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचे नाते लिहिलेले असते, विवाह पहिला की दुसरा हेही असते, आणि पुष्कळदा मूल दोघांचे की बायकोच्या पहिल्या घरचे, हेही. त्या घरात जावई म्हणून नोंदलेला माणूस काही वर्षांनी वाटणीच्या कागदावर स्वोगर होऊन सही करताना भेटला, की त्या लेखनिकाच्या लेखी या शब्दाचा अर्थ काय होता, ते कळते. पुढच्या परगण्यातला लेखनिक निराळा असतो. तेथे पुन्हा आरंभापासून पाहावे लागते.