मिरचीला आधी काठी, मग फळं

गोष्ट मागच्या वर्षीच्या परतीच्या पावसातली. पुण्यात माझ्या बाल्कनीत ढोबळी मिरचीचं एकच झाड होतं, आईने रोप करून दिलेलं. त्याला 6 मिरच्या धरल्या होत्या. आई फोनवर म्हणायची, "अरे, काठी लाव त्याला." मी म्हणायचो, "वीकेंडला लावतो गं." मग एका रात्री वारा-पाऊस आला. सकाळी बघतो तर अर्धं झाड 4 मिरच्यांसकट फरशीवर!

नंतर कळलं, ढोबळीचं खोड थोडं वर गेलं की दुभागतं. सगळा भार त्या बेचक्यावर येतो, आणि फांद्या असतात ठिसूळ. म्हणूनच पॉलिहाउसमध्ये शेतकरी प्रत्येक मुख्य फांदीला वरच्या तारेवरून वेगळी दोरी सोडतात.

घरी एवढा पसारा नको. रोप लावतानाच कुंडीत 3 फुटांची बांबूची काठी रोवा. उशिरा रोवलीत तर मुळं दुखावतात. बांधायला जुन्या सुती कपड्याची पट्टी घ्या. बारीक तार नको, ती सालीत रुतते. गाठ 8च्या आकड्यासारखी: एक वेढा काठीला, एक फांदीला, मध्ये बोट जाईल इतका ढिला. मुख्य फांद्या वेगवेगळ्या बांधा. आणि मिरची ओढून तोडू नका, देठ कात्रीने कापा.

उरलेली फांदी मी त्याच सकाळी बांधली, ऑफिसचा कॉल म्यूट करून. तिच्यावरच्या 2 मिरच्या लाल होईपर्यंत टिकल्या. घरी गेलो तेव्हा आईच्या हातात दिल्या. तिने विचारलं, "बाकीच्या कुठायत रे?"

यंदा काठी आधी लावलीय. भेटू पुढच्या भागात!