बॅटला शीट लावली, आता नॉकिंग कशाला?

सोलापुरात घरचे काटकसर करून पोराला इंग्लिश विलो घेऊन देतात. पोरगं त्यावर शीट लावतं आणि थेट लेदर बॉल खेळायला जातं. अरे, थांब! शीट फक्त वरची खरड आणि ओल अडवते. विलोचे तंतू दाबून घट्ट होतात ते मॅलेटच्या ठोक्यांनीच.

आणि तेल आधी. कच्चं जवसाचं तेल, हो, आपल्या चटणीतलंच जवस! ते पूर्ण मुरू द्या, नाहीतर शीट चिकटणारच नाही. पुढे अधूनमधून बॅटच्या पाठीला हलका हात फिरवा, कारण शीटमधून तेल आत जात नाही. आपल्या उन्हाळ्यात लाकूड लवकर कोरडं पडतं.

नियमात शीटची जाडी १ मिलिमीटरपर्यंत चालते. पण घेताना पारदर्शकच घ्या, खालची चीर वेळेत दिसते.