यजमानपणाचे देणे कोणाच्या माथी?



ऑलिंपिकच्या यजमान राष्ट्राला एक सवलत असते. ज्या सांघिक खेळांत इतर देशांना पात्रतेसाठी झगडावे लागते, तेथे यजमानांना बहुधा थेट प्रवेश मिळतो. १९७६ साली मॉन्ट्रियल येथे कॅनडाने या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतला. फुटबॉल, हँडबॉल, व्हॉलीबॉल अशा, त्या देशात फारशा न रुजलेल्या खेळांतही त्याचे संघ उतरले. पदके मात्र मिळाली अकरा : पाच रौप्य, सहा कांस्य. सुवर्णपदक एकही नाही. उन्हाळी ऑलिंपिकच्या यजमानांवर अशी पाळी प्रथमच आली.

या अकरांपैकी आठ पदके एकट्या जलतरणातील होती आणि त्यांतील सात स्त्रियांनी मिळविलेली होती. जेथे तलाव, प्रशिक्षक आणि वर्षानुवर्षांचा सराव होता, तेथे यश आले. फुटबॉलच्या संघाने मात्र दोन सामने खेळून दोन्ही गमावले. प्रवेश सवलतीने मिळतो. कौशल्य मिळत नाही.

आता खर्चाकडे वळू. पुरुषाला मूल होणे जितके अशक्य, तितकेच ऑलिंपिकला तूट येणे अशक्य, अशी ग्वाही महापौर ज्याँ द्रापो यांनी दिली होती. प्रत्यक्षात तूट शंभर कोटी डॉलरच्या घरात गेली. मुख्य क्रीडागाराचा मनोरा स्पर्धेच्या वेळी अर्धवटच होता. तो पुरा झाला १९८७ साली. घाईने चाललेल्या त्या बांधकामावर दहाहून अधिक कामगारांनी प्राण गमावले. सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या वास्तूत १९९२ पासून प्राणी व वनस्पती नांदत आहेत.

हे कर्ज फिटले २००६ साली, म्हणजे तीस वर्षांनी. आणि ते फेडण्यासाठी क्वेबेक प्रांताने तंबाखूवर खास कर बसविला. अप्रत्यक्ष कराचा स्वभाव सर्वज्ञात आहे. गिरणीतला मजूर आणि गिरणीचा मालक एकाच पाकिटावर सारखाच कर भरतात. परंतु मजुराच्या मिळकतीतून जाणारा वाटा कितीतरी मोठा असतो. कंत्राटांचा नफा मूठभरांच्या पदरी पडला, व्याजाचा भार मात्र सर्वांवर वाटला गेला. समाजीकरण झाले ते केवळ तोट्याचे!

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळावे म्हणून भारताने २०२४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे अधिकृत इच्छापत्र दिले. उद्या आपल्या खेळाडूंनाही अनेक अपरिचित खेळांची दारे उघडतील, आणि त्यांना तेथे उतरलेले पाहून कोणालाही आनंदच होईल. पण तालुक्याच्या शाळेला मैदान नसेल, तर ती दारे उघडून काय साधणार? म्हणून कार्यकर्त्यांनी आजच दोन प्रश्न लावून धरले पाहिजेत : आधी गावोगाव मैदाने होणार की महानगरात एक मनोरा? आणि तूट आलीच, तर ती कोणत्या करातून भरली जाणार? उत्तर लेखी मिळेपर्यंत हे प्रश्न सोडता कामा नयेत.