नव्या साथी आणि आपले कर्तव्य

(भंडारदरा येथील पालक-विद्यार्थी शिबिरात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. तेव्हा औषधोपचाराविषयी मी काही बोलणार नाही. परंतु रोगाविषयी लोकांना शिकवावे कसे, हा शिक्षकाचाच प्रश्न आहे. त्यावर चार शब्द बोलण्याची मी आपली परवानगी घेतो.

जो रोग पूर्वी माणसाला ठाऊकच नव्हता, किंवा ठाऊक असूनही जो नव्या ठिकाणी नव्या जोमाने उद्भवतो, त्याला आपण नवा साथीचा रोग म्हणू. महाराष्ट्राला असे रोग अपरिचित नाहीत. १९६५ साली नागपूर भागातील चांदीपुरा येथे तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला व त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. पुढे कित्येक वर्षे हा रोग जणू नाहीसा झाला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा पसरला. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला आणि २०२० मध्ये करोना. तो तर आपण सर्वांनी सोसला आहे.

पुढचा नवा रोग केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण तो आल्याची पहिली चाहूल कोणाला लागेल, हे मात्र सांगता येते. ज्या आईच्या मुलाचा ताप उतरत नाही, तिला ती लागेल. ज्या आशाताईला एकाच वस्तीत चार घरी तसाच ताप दिसतो, तिला ती लागेल. या दोघी बोलल्या तर प्रयोगशाळेला कळेल. दोघी गप्प राहिल्या तर साथ गावभर झाल्यावरच कळेल.

मग माणसे गप्प का राहतात? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. सरकारने गोऱ्या शिपायांना घराघरांत घुसवले. संशयितांना उचलून छावणीत नेले जाई, सामानसुमान जाळले जाई. हे सारे कशासाठी, हे लोकांना धड समजावून सांगितले गेले नाही. परिणाम असा झाला की लोक आजारी माणूस लपवू लागले, प्रेतही लपवू लागले. चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली, हे विद्यार्थी इतिहासात शिकतातच. हुकूम आधी आला आणि शिकवण आलीच नाही, तेव्हा रोग घरात दडून वाढला.

त्याच वर्षी मुंबईत दुसरी एक गोष्ट घडली. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक भीत होते. तेव्हा आगाखान सर सुलतान महंमद शाह, जे त्या वेळी विशीच्या आसपासचे तरुण होते, यांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. मग हजारो खोजा बांधव पुढे आले. डॉ. हाफकिन यांच्या कामासाठी आगाखानांनी आपली एक वास्तूही दिली. शिपायांच्या बंदुकीला जे साधले नाही, ते एका विश्वासू माणसाच्या उघड्या दंडाने साधले.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढू लागले. करोनाच्या धामधुमीत 'असेल ताप' म्हणून सोडून देणे सोपे होते. पण रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले. प्रथम चिकुनगुन्या सापडला, पथक गावात आले, आणि महिनाअखेरीस महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण तेथे उघडकीस आला. एका खेडेगावाने तापाची दखल घेतली म्हणून हे घडले.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसेच मालेगाव व भिवंडी येथे गोवराची साथ आली. बालके दगावली. गोवर हा जुना रोग, त्याची लसही जुनी आणि मोफत. तरी करोनाच्या काळात अनेक मुलांची लस राहून गेली होती, आणि काही घरांतून लसीविषयी संशयही होता. गोवर माणसाची जात किंवा धर्म पाहत नाही. लस न घेतलेले मूल तेवढे पाहतो. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि आपल्या मुलखात साथ आली तर तेथून पळू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे. शामच्या वाटेवर प्लेगची खबर कळताच हजरत उमर यांनी आपला काफिला परत फिरवला होता. तेव्हा खबरदारी घेणे हे आपल्या परंपरेला धरूनच आहे.

येथे जमलेल्या आरोग्यसेविका व आशाताईंनाही एक विनंती आहे. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षणाचे काम सुरू झाले. त्यासाठी तापाची, जुलाबाची, काविळीची नोंद करावी लागते. ते निव्वळ कागद भरण्याचे काम समजू नका. त्या आकड्यांवरूनच साथ ओळखली जाते. आणि स्वतःला जपा. मे २०१८ मध्ये केरळात कोझिकोडकडे निपाहची साथ आली, तेव्हा बहुतेकांना लागण रुग्णालयातच झाली. सेवा करणाऱ्या परिचारिका लिनी यांचा त्यात बळी गेला. त्या धड्यावरून तेथे कर्मचाऱ्यांना शिकवले गेले. पुढच्याच वर्षी एर्नाकुलमला निपाहचा रुग्ण सापडला, पण त्याच्यापासून दुसऱ्या कोणाला लागण झाली नाही आणि तो रुग्णही बरा झाला.

हा भंडारदऱ्याचा परिसर घ्या. येथे पाऊस धो धो कोसळतो आणि आवणीच्या दिवसांत माणसे तासन् तास खाचरात उभी असतात. उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात उतरलेले लेप्टोचे जंतू पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. झाडाझुडपांतील बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो, आणि चाव्याच्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते. दोन्ही रोगांवर औषध आहे, मात्र वेळीच गेले पाहिजे. काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याहून पाहुण्यांची रीघ लागते. माणसांबरोबर रोगही ये-जा करतात, हे ध्यानात असावे.

म्हणून पालकांनी एवढे करावे : ताप दोन दिवसांत उतरला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, 'शेतात काम केले, प्रवास केला, शेजारी कोणी आजारी आहे' हे डॉक्टरांना न विचारता सांगावे, मुलांच्या लसीचे कार्ड जपून ठेवावे, मोबाइलवर आलेल्या अफवा पुढे पाठवू नयेत, आणि आजारी शेजाऱ्याला वाळीत टाकू नये. ज्याला वाळीत पडण्याची भीती वाटते, तोच रोग लपवतो.

विद्यार्थी मित्रहो, घरात पुष्कळदा तुम्हीच पहिले वाचणारे असता. आशाताईने दिलेला कागद आजीला वाचून दाखवणे, हीसुद्धा समाजसेवा आहे. आणि आपल्या मुलींपैकी काहींनी परिचारिका व्हावे, काहींनी प्रयोगशाळेत काम करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. दारात आलेली नर्सबाई ओळखीची आणि आपल्या बोलीत बोलणारी असेल, तर ते दार लवकर उघडते.