संगणकाची हरवलेली नोंदवही



शाळेच्या कपाटातील हजेरीपट पावसाने भिजून गेला, तर मुलांनी वर्षभर घेतलेले शिक्षण काही वाहून जात नाही. मात्र कोणता मुलगा किती दिवस आला, हे सिद्ध करण्याचे एक साधन नाहीसे होते. अशा वेळी सुज्ञ शिक्षक पोषण आहाराची नोंदवही पाहतो, चाचण्यांच्या उत्तरपत्रिका काढतो आणि त्यांच्या मेळातून हरवलेली माहिती पुन्हा उभी करतो. घरच्या संगणकातील अद्यतनांची, म्हणजे रूढ भाषेत अपडेटांची, यादी नाहीशी झाली असता हाच मार्ग उपयोगी पडतो.

पोलादपूरसारख्या डोंगरी तालुक्यात शाळेची बरीच माहिती शिक्षक आपल्या घरच्या संगणकावर भरतो. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, निकालपत्रके हे सारे त्याच यंत्रात असते. म्हणून ते यंत्र सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न केवळ घरचा राहत नाही. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोजमधील एका दोषावरील दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुढे १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्रॅम त्याच दोषाच्या वाटेने जगभर पसरला व ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम त्याने खोळंबले. ज्या यंत्रांत ती दुरुस्ती वेळेवर बसली होती, त्यांच्यासाठी ती वाट बंद झालेली होती. तेव्हा कोणती दुरुस्ती कधी बसली, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अपडेट हिस्टरी’ या नावाखाली ही यादी दिसते. ती नाहीशी कशी होते? पावसाळ्यात अद्यतन चालू असता वीज जाते आणि काम अर्धवट अडकते. मग दुरुस्त करणारा मनुष्य ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ नावाचा फोल्डर रिकामा करतो किंवा त्याचे नाव बदलतो. अडकलेले काम सुटते. परंतु यादीही त्याच फोल्डरात ठेवलेली असल्यामुळे ती कोरी होते. विंडोजची नवी आवृत्ती चढविल्यावरही यादी पुष्कळदा नव्याने सुरू होते.

यादी कोरी दिसताच दोन चुका घडतात. कोणी घाबरून संपूर्ण विंडोज नव्याने घालून घेतो व त्या गडबडीत निकालपत्रके गमावतो. कोणी काहीच बिघडले नाही असे समजून स्वस्थ बसतो. दोन्ही टाळावे. यादी गेली म्हणजे बसलेल्या दुरुस्त्या गेल्या, असे नाही. त्यांच्या खुणा यंत्रात अन्यत्र राहतात.

पहिली खूण आवृत्तीच्या क्रमांकाची. ‘रन’च्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘विनव्हर’ हा शब्द लिहिला असता विंडोजची आवृत्ती व ‘बिल्ड’ क्रमांक दिसतो. विंडोज १० व ११ यांची मासिक अद्यतने संचयी असतात. प्रत्येक नव्या अद्यतनात मागील दुरुस्त्या सामावलेल्या असतात. त्यामुळे तो क्रमांक कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तक्त्याशी ताडून पाहिला, की यंत्र कोणत्या महिन्यापर्यंत अद्ययावत आहे ते कळते.

दुसरी खूण बसलेल्या दुरुस्त्यांची. ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘सिस्टिमइन्फो’ ही आज्ञा दिली असता ‘केबी’ या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक मिळतात; ‘पॉवरशेल’मधील ‘गेट-हॉटफिक्स’ ही आज्ञा त्यांच्या तारखाही देते. यात ऑफिसची अद्यतने किंवा ड्रायव्हर यांची नोंद नसते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी खूण घटनांच्या नोंदीची. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘सिस्टिम’ या विभागात ‘विंडोज अपडेट क्लायंट’च्या नावाने नोंदी असतात. १९ हा क्रमांक अद्यतन यशस्वी झाल्याचा व २० हा फसल्याचा होय. ही वही ठरावीक आकाराची असल्यामुळे भरली की जुनी पाने पुसली जातात. म्हणून शोध लवकर घ्यावा. फोल्डराचे केवळ नाव बदलले असेल, तर जुना फोल्डर पुसू नये. जाणकाराच्या मदतीने विंडोज अपडेटची सेवा थांबवून त्याला मूळ नाव दिल्यास जुनी यादी परत दिसण्याचा संभव असतो. मात्र विंडोज मुळापासून नव्याने घातले असेल, तर मागचा इतिहास त्या यंत्रात शोधणे व्यर्थ होय.

एका जागी हरपलेले दुसऱ्या जागी सापडते, याचे उदाहरण पोलादपूरकरांच्या जवळचेच आहे. ज्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे, त्यांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचे हस्तलिखित दूर तंजावरास मिळाले आणि १९२७ साली तो ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. तोही अपूर्णच हाती आला. तरी जेवढा मिळाला तेवढ्याने इतिहासाच्या अभ्यासाला मोलाचा आधार दिला. शोधकाने मिळेल तेवढे नीट जपावे, आणि जे मिळत नाही ते कल्पनेने भरू नये.

विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशा यंत्रावर मुलांची माहिती ठेवणाऱ्याने तर वरील पडताळणी अवश्य करावी आणि पुढील व्यवस्थेचा निर्णय घ्यावा.

यापुढे प्रत्येक शिक्षकाने एका साध्या वहीत चार रकाने आखावेत: दिनांक, बिल्ड क्रमांक, केबी क्रमांक व शेरा. महिन्यातून एकदा ही नोंद करावी, आणि त्याच दिवशी शाळेच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो वेगळ्या जागी ठेवावा. वरच्या वर्गातील मुलांकडून हे रकाने भरून घेतल्यास नोंद आणि पुरावा यांचा धडा त्यांना आपोआप मिळेल. वीज केव्हा जाईल हे कोणाच्या हाती नाही. वही लिहिणे मात्र शिक्षकाच्या हाती आहे.