मैदानावरील गुरूचा मान



आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियास १-० ने नमविले. विजयी कन्यांची वाहवा झाली. त्यांना घडविणाऱ्याचे नाव कोण विचारतो?

१९८५ मध्ये सुरू झालेले द्रोणाचार्य पारितोषिक फुटबॉलच्या वाट्यास कितीदा आले? १९९० मध्ये सय्यद नईमुद्दीन यांस. त्यानंतर थेट २०२२ चे, मुंबईच्या एअर इंडिया संघाचे गुरू बिमल घोष यांस. मध्ये बत्तीस वर्षे गेली! २०२४ चे आर्मांदो कोलासो यांस लाभले. गोव्याच्या धेंपो संघास त्यांनी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली होती. (द्रोणाचार्य म्हटले की एकलव्याचा अंगठा आम्हांस आठवतोच, असो.)

आपल्याकडे गुणगौरव होतो तो परीक्षार्थींचा आणि खेळाडूंचा. पहाटे चिखल तुडवीत पोरांना शिकविणारा मात्र तुटपुंज्या मानधनावर दिवस काढतो, आणि मुलगी देताना त्याची नोकरी कायम आहे काय, हे आपणच विचारतो. यंदापासून एक पारितोषिक अशा शिक्षकास द्यावे, मग तो आपल्या ज्ञातीचा असो वा नसो, असा ठराव आम्ही सभेपुढे मांडीत आहोत. अनुमोदन हवे आहे.